धुराडं

त्या आकाशाला काळा रंग मी दिला.
ट्युरिन, बारा सालचा फेब्रुवारी,
बोटांना सरसाचा वास, नदीवरून येणारं धुकं
स्टुडिओच्या काचेच्या छपराला चिकटलेलं.
मोच्याच्या आरीनं कापडाला भोकं पाडली,
मागे दिवे ठेवले, झालं काम.
मोठ्या गाड्यात, म्हणजे सप्तर्षींत,
आरी घसरून एक तारा जास्त पडला.
बेर्सानोसाहेब म्हणाले, "राहू दे, एर्मेलिंदा.
मोजतंय कोण?"

गोष्ट अशी, की
धुराडी साफ करणारा एक गडी
पत्त्याचा कागद उलटा धरतो.
नऊचे सहा होतात.
सहा नंबरच्या अंगणात प्रोफेसरांचं यान उभं,
पत्र्याचं, वर निमुळतं होत गेलेलं.
गडी टोपी मागे सारतो. तोंड हलतं :
बाप रे, काय धुराडं!
(पाटी लावलीच नाही. सगळ्यांना ऐकू गेलं.)
तो ब्रश घेऊन खालून आत.
बाहेर बँड, महापौर, महापौरांचं लांबलचक भाषण,
आणि ज्या शूरवीरानं जायचं
तो अजून दाढीच करतोय.
महापौर सिगार पेटवतात. काडी टाकतात.
वातीवर.

चंद्र पिठाचा होता. अकरा पोती.
रात्री उंदीर येऊन डोंगर खाऊन जायचे,
सकाळी मी नवे डोंगर रचायची.
गडी धडपडत उठतो, कपडे झटकतो,
बघतो तर जिकडेतिकडे भोकंच भोकं.
एवढी धुराडी! आणि एकही साफ नाही!
हातावर थुंकतो आणि लागतो कामाला.
भोकाभोकातून चंद्रावरची माणसं शिंकत वर येतात
(बेर्सानोसाहेबांच्या पाच पुतण्या,
डोक्यावर दिव्यांच्या झडपा),
गोरी होती ती कोळसा झाली.
राणी शिंकली तशी राजाची दाढी उडाली,
मग पळापळ, एकाच खड्ड्याभोवती नऊ फेऱ्या,
शेवटी कोण कुणामागे, कुणालाच कळेना.
गडी मधेच थांबतो. हात पुढे करतो. मजुरी.
राजा आकाशातला एक तारा खुडून देतो.
गडी तो दातांनी चावून बघतो,
आणि परत करतो.

यानाच्या पोटातलं दृश्य मात्र
दोन फळ्यांमध्ये घेतलं, एक बाजू उघडी.
देल्फिनो पेरेत्तोला कुणी काही शिकवलं नव्हतं.
गुडघा, पाठ, कोपर, पुन्हा गुडघा,
सरड्यासारखा सरसर वर गेला.
हँडल फिरवणारा हसून हसून मोजणी चुकला.
माझ्या हातातला ब्रश तसाच राहिला.
ओर्को खोऱ्यातला पोरगा. तिथली पोरं
सातव्या वर्षी शहरात येतात,
अंगानं बारीक असतात तोवरच कामाची.

पहिल्या खेळाला वरच्या बाकांवर
अशीच चौदा-पंधरा पोरं फुकट सोडली होती.
खाली बायका डोळे पुसत हसत होत्या.
फळ्यांचं दृश्य आलं, वरती चिडीचूप.
एकजण तज्ज्ञासारखा म्हणाला,
"कोपर जास्त बाहेर काढलंय. सोलवटणार."
मजुरीच्या वेळी मात्र वर जो गलका झाला,
पियानोवाल्याला वाटलं, आग लागली.

शेवटच्या दिवशी देल्फिनो नळाखाली बसला होता,
पीठ निघत होतं, काजळी निघत नव्हती.
म्हणाला, "तुमच्या गाड्यात आठ तारे आहेत."
मी म्हटलं, तारेला लटकून तू मोजत होतास?
"सवय आहे," म्हणाला. "आत अडकलो की
वरच्या भोकातून दिसतील तेवढे मोजायचे.
दोन दिसायचे. कधी तीन."
मग साबण मागितला.

मजुरी ठरली होती बारा लिरा.
हातात अकरा पडल्या.
सांडलेल्या चंद्राची एक कापली.